रोल महागला तेव्हा

३६ फोटोंचा साधा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आसपास पडतो. जरा नावाजलेला घ्यायचा तर दीड-दोन हजार. तो धुऊन आणि स्कॅन करून घ्यायला आणखी चार-पाचशे. म्हणजे शटर एकदा दाबलं की चाळीस रुपये गेले. चिखलोलीत राहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला या हिशेबात एक अख्खी सुट्टीही धरावी लागते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या या गावासाठी रेल्वेने नवं स्थानक आखलं आहे, पण इतकी वर्षं इथला माणूस रिक्षाने अंबरनाथ नाहीतर बदलापूर गाठत आला, तिथून लोकलने साठ-अडुसष्ट किलोमीटरवरचं सीएसएमटी, आणि मग चालत फोर्टातला बोरा बाजार. कॅमेरे, त्यांची दुरुस्ती आणि फोटोचं सामान यांसाठी ती गल्ली पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी हे सगळं घराजवळ होत असे. स्टेशनाबाहेरच्या स्टुडिओत शंभर-सव्वाशेला रोल मिळायचा, धुवायला टाकला की मिनीलॅबमधून कॉप्या त्याच दिवशी हातात. बारसं, गणपती, शाळेची सहल आणि कुणाचं तरी लग्न एवढं सगळं एका रोलमध्ये बसवायचं आणि शेवटी ३७ वा फोटो निघतो का तेही बघायचं, ही घराघरातली रीत होती. पुढे डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल. मिनीलॅबची यंत्रं भंगारात गेली. तरी फिल्म वापरणारी थोडी माणसं उरली, आणि गेल्या दहाएक वर्षांत त्यांच्यात ज्यांनी लहानपणी रोल पाहिलाही नव्हता अशा मुलामुलींची भर पडली. हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे. रोल परवडेनासा झाला की ही माणसं एकेकाळी कारखान्याने आपल्या हातून काढून घेतलेलं काम परत घरी आणतात, आणि महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडत नाही. या दोन गोष्टी नीट सांगायच्या तर आधी रोल महाग का झाला ते पाहायला हवं.

विचारलं तर बहुतेक जण चांदीकडे बोट दाखवतात. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढवलेला जिलेटिनचा थर आणि त्यात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक. उजेड पडलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते, न पडलेले हायपो नावाच्या द्रावणात विरघळून जातात. त्यामुळे चांदी चढली की फिल्म चढणार हे पटतंच. तसं घडलंही आहे. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीची अफाट साठेबाजी केली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोचला, तेव्हा फिल्म कंपन्यांना आपले दर वाढवावे लागले होते. तो उच्चांक २०२५ च्या ऑक्टोबरात मोडला. त्या दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे चांदी किलोला दीड लाखाच्या पुढे गेली होती.

आता बेरीज करून पाहू. ३५ मिलिमीटर रुंदीच्या ३६ फोटोंच्या रोलची पट्टी दीड मीटरहून थोडी जास्त लांब असते. एवढ्या क्षेत्रफळावर चांदी असते पाव ग्रॅमच्या आसपास, फार तर अर्धा ग्रॅम. ग्रॅमला दीडशे रुपये धरले तर चाळीस ते पंचाहत्तर रुपयांची चांदी. हजारातले उरलेले सव्वानऊशे कुठे जातात?

ते जातात फिल्मवर थर चढवणाऱ्या यंत्राकडे. रंगीत फिल्मवर एकावर एक डझनाहून जास्त थर असतात. हे सगळं मिट्ट काळोखात, धूळ नसलेल्या हवेत, मीटरभराहून रुंद आणि हजारो मीटर लांब पट्टीवर एका दमात करावं लागतं. असं यंत्र थोडंसं चालवता येत नाही. बदलापूर लोकल भरून धावली काय किंवा रिकामी धावली काय, मोटरमन, वीज आणि रूळ तेवढेच लागतात, तसं हे आहे. जगभरातली घरं मिळून वर्षाला कोट्यवधी रोल घेत होती तोवर या यंत्राचा खर्च प्रत्येक रोलवर चिमूटभर यायचा. गर्दी गेली, यंत्र तेच राहिलं, आणि चिमटीचा ओंजळभर खर्च झाला. १९९८ सालचा स्वस्त रोल स्वस्त होता, कारण फोटोग्राफीत काडीचा रस नसलेली असंख्य माणसं बारशाचे फोटो काढून त्या यंत्राचा खर्च उचलत होती. हौशी माणूस त्यांच्या जिवावर आपली हौस भागवत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

पुढची हकिगत झरझर सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. २०१३ मध्ये फोटोच्या फिल्मची विक्री ब्रिटनमधल्या कोडॅक पेन्शन फंडाच्या मालकीच्या कोडॅक अलारिस या नव्या कंपनीकडे गेली. फिल्म बनवायची मात्र जुन्याच कोडॅकने, रॉचेस्टरच्या कारखान्यात. २०२० नंतर दरवाढीच्या घोषणा जवळजवळ दरवर्षीच्या झाल्या. जपानच्या फूजीफिल्मने २०१९ मध्ये एकदम किमान ३० टक्के वाढ जाहीर केली होती, आणि एकेक फिल्म बंदही करत आणली. त्यात मागणी वाढायला लागली तेव्हा कारखान्यात माणसं आणि सुटे भाग कमी पडू लागले. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर यावर आयातशुल्क, जीएसटी आणि रुपयाची घसरण चढते. २००० च्या सुमारास ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या वर होता, त्यामुळे परदेशात भाव अजिबात वाढले नसते तरी इथे रोल जवळजवळ दुप्पट झालाच असता.

आपली स्वतःची फिल्म होती, हे तरुण हौशींना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. १९६० मध्ये केंद्र सरकारने उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला. बोशे या फ्रेंच कंपनीचं तंत्र घेतलं, थंड आणि स्वच्छ हवेची जागा निवडली, आणि १९६७ पासून उत्पादन सुरू झालं. ‘इंदू’ या नावाने निघालेली कृष्णधवल फिल्म आणि कागद महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्टुडिओंनी वापरले. परकीय चलन वाचवण्यासाठी परदेशी फिल्मच्या आयातीवर कडक बंधनं होती, अशा काळात ॲग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात बारा फोटोंचा इंदूचा रोल भरून फोटोग्राफी शिकलेले लोक आज साठी-सत्तरीत आहेत. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली, शुल्क उतरलं. नेमक्या त्याच वेळी कारखान्याने पॉलिएस्टरवरच्या एक्स-रे फिल्मसाठी कर्ज काढून मोठी गुंतवणूक करून ठेवली होती. कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला, उत्पादन थांबलं, आणि अखेर सरकारने तो बंद करायचं ठरवलं. इंदूचा दर्जा कोडॅकच्या तोडीचा नव्हता हे खरं. तरीही फिल्मवर थर चढवण्याची विद्या जगात मोजक्याच देशांकडे होती, ती आपल्याकडे होती आणि आपण ती जाऊ दिली, याची मला मनापासून हळहळ वाटते. चेक प्रजासत्ताकात १९२१ पासून चालत आलेली फोमा अजून कृष्णधवल फिल्म बनवते. इंग्लंडातली इलफर्ड २००४ मध्ये बुडाली, तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन हारमन नावाने उभी केली, आणि २०२३ च्या डिसेंबरात या कंपनीने फिनिक्स ही स्वतःची रंगीत फिल्म बाजारात आणली. लहान कारखानाही टिकू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

आता कारखान्याने काढून घेतलेल्या कामाकडे वळू. फोटोग्राफी मुंबईत रुजली तेव्हा विकतची फिल्म नव्हतीच. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सोसायटीतल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. चिखलोलीपासून जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख वाचायचा प्रयत्न करणारे भाऊ दाजी ते हेच. त्या पिढीतल्या माणसाला काचेवर कलोडियन स्वतः ओतावं लागे, ती काच चांदीच्या द्रावणात स्वतः बुडवावी लागे, आणि ओली असतानाच फोटो काढून धुवावी लागे. इथल्या उन्हाळ्यात ती किती भरभर वाळत असेल! फोटो काढणारा तो रसायनंही बनवणारा, असंच समीकरण होतं. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेला कॅमेरा विकायला काढला आणि हे समीकरण मोडलं. फिल्म संपली की दहा डॉलर भरून कॅमेराच कारखान्याकडे धाडायचा, फोटो आणि नवी फिल्म घालून तो परत यायचा. तिथून पुढे माणसाच्या हाती फक्त बटण राहिलं.

पण फिल्म दूर देशातून यायची, महाग असायची, तिथे हे काम पुरतं सुटलं नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन परतले, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून. त्या वेळी फिल्म काठाला छिद्रं न पाडताच येत असे. दादरच्या घरात रात्री, काळोखात, एकेक छिद्र पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. डेव्हलपर कालवायला त्या शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. या खटाटोपाला भांडवल मिळवायचं तर आधी काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप होताना थोडी थोडी फिल्म खर्चून टिपलं होतं. रोप महिनाभर वाढलं, पडद्यावर ते मिनिट-दोन मिनिटांत वर आलं. तेवढ्या फिल्मवर पैसा देणारा माणूस मिळाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो पुण्या-मुंबईच्या कुठल्या कारखान्यातून निघालेला नव्हता. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत छिद्रं पाडून आणि धुऊन तो तयार झाला होता. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट कौतुकाची आठवण म्हणून येते. मला ती फिल्म वापरण्याच्या इतिहासातलं एक मुख्य पान वाटते, आणि त्या पानावर नाव सरस्वतीबाईंचं आधी यायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित केली आणि १९४३ पासून कोरी फिल्म परवान्यावर दिली जाऊ लागली. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत फूट न्‌ फूट मोजून वापरला जाई. उरलेल्या तुकड्याला किंमत आली. आज ‘शॉर्ट एंड’ म्हणतात तो हाच, कॅमेऱ्याच्या मॅगझिनमध्ये शिल्लक राहिलेला कोरा तुकडा.

ज्या ३५ मिलिमीटर रोलबद्दल आपण बोलतो आहोत तो मुळात असाच जन्मला. जर्मनीतल्या वेट्झलारला ऑस्कर बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवला. सिनेमाच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी धरल्या की २४ बाय ३६ मिलिमीटरचा फोटो होतो. १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला. काठावरची छिद्रं अजूनही सिनेमाचीच आहेत. त्यामुळे आजचे हौशी सिनेमाच्या फिल्मकडे वळतात तेव्हा ते कुठली क्लृप्ती शोधून काढत नाहीत, मूळ घरी परततात.

मुंबईच्या हौशींची ही वाट बरीच जुनी आहे. शूटिंगमधून उरलेले तुकडे घ्यायचे, काळोखात किंवा उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये हात घालून जुन्या डब्यांत भरायचे. ४०० फुटांच्या एका सिनेरोलमधून ३६ फोटोंचे सत्तरच्या आसपास रोल निघतात. एकट्याला एवढे नको असतात, म्हणून पाच-सहा जण मिळून घेतात. फोटोसाठीची कृष्णधवल फिल्मही १०० फुटांच्या डब्यात मिळते. साडेतीस मीटर फिल्ममधून अठरा-एकोणीस रोल होतात. बचत कंपनीगणिक कमी-जास्त असते आणि कधीकधी तर नावापुरतीच असते, त्यामुळे डबा मागवण्याआधी भागाकार करून पाहावाच. पण आणखी एक फायदा असा की, आठ-दहा फोटोंचाच रोल भरता येतो. चंदेरीच्या डोंगरावर चढायचं, वरून दिसतं तेवढं टिपायचं आणि त्याच संध्याकाळी धुवायचं, हे ३६ च्या रोलने जमत नाही.

सिनेमाच्या रंगीत फिल्मला एक अडचण होती. तिच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असे, ‘रेमजेट’. कॅमेऱ्यातून वेगाने पळताना स्थिर वीज साचू नये आणि उजेड मागून परावर्तित होऊ नये म्हणून तो लावलेला. नेहमीच्या लॅबच्या यंत्रात ती फिल्म गेली तर सगळं रसायन नासतं. घरी धुणारे आधी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्यात फिल्म भिजवतात, पाणी जोरजोरात हलवून ओततात, ते शाईसारखं काळं निघतं, आणि शेवटी राहिलेला थर ओल्या बोटांनी पुसून काढतात. २०२५ मध्ये कोडॅकने या थराऐवजी धुताना आपोआप जाणारा थर आणला, त्यामुळे पुढच्या पिढीला हा उद्योग कदाचित करावा लागणार नाही.

फोटोंची संख्याच दुप्पट करायची युक्तीही अशाच टंचाईच्या दिवसांतली. १९५९ मध्ये योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने ऑलिंपससाठी पेन नावाचा स्वस्त कॅमेरा केला. तो अर्धीच चौकट वापरायचा, १८ बाय २४, म्हणजे पुन्हा सिनेमाचीच चौकट. ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो. हे जुने पेन चोर बाजारात हुडकत फिरणारी मुलं आहेत. २०२२ मध्ये कोडॅकच्या नावाने प्लॅस्टिकचा अर्ध्या चौकटीचा कॅमेरा आला आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘१७’ हा कोरा करकरीत कॅमेरा याच मापात काढला. फिल्म महाग आहे, याची कंपन्यांनीही दिलेली ही कबुलीच.

काही जण थेट दवाखान्याच्या सामानाकडे वळतात. एक्स-रेची फिल्म आकाराने मोठी आणि फोटोच्या त्याच मापाच्या फिल्मपेक्षा खूप स्वस्त. जुन्या स्टुडिओंतले लाकडी कॅमेरे, केरळात आलप्पुळ्याला बनलेला वागेश्वरी वगैरे, मिळाले तर तिचे तुकडे कापून त्यांत घालता येतात. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली डोळ्यांसमोर धुता येते. फोटोत मात्र आपली तांबडी माती काळी येते आणि आभाळ पांढरंफटक. थर दोन्ही बाजूंनी असल्यामुळे ट्रेच्या तळाला घासून ओरखडे पडतात, म्हणून तळाशी काच ठेवतात. मलंगगड आणि टवलीच्या रांगेचा असा फोटो पाहिला तर तो दीडशे वर्षांपूर्वीचा वाटेल, कारण त्या काळच्या काचाही लाल रंगाला आंधळ्याच होत्या.

यातलं काहीच न करता फक्त धुण्याचं काम घरी आणलं तरी खर्च बराच उतरतो. इथे बदलापूर-अंबरनाथच्या हवेचा मुद्दा येतो, आणि तो पुस्तकांत सापडत नाही, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. कृष्णधवल फिल्म २० अंशांवर धुवावी असं डब्यावर छापलेलं असतं. मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. गरम डेव्हलपरमध्ये जिलेटिन फुगतं, मऊ होतं, बोट लागलं तरी सोलतं. कोडॅकने उष्ण प्रदेशांसाठी डीके-१५ नावाचा डेव्हलपर काढला होता, त्यात सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचं फुगणं रोखलेलं असे. आता कुणी तो वापरत नाही. लोक घमेल्यात बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवतात, किंवा डेव्हलपर पातळ करून तापमान थोडं चढं राहू देतात आणि वेळ कमी करतात. पहाटे धुणं हा आणखी एक सोपा उपाय.

रंगीत फिल्मचं नेमकं उलट आहे. तिचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो, वेळ सव्वातीन मिनिटं. युरोपातले हौशी यासाठी पाणी तापवणारी आणि फिरवणारी यंत्रं घेतात. इथे एप्रिल-मे महिन्यांत बादलीतलं पाणी दुपारी मुळातच त्याच्या जवळ असतं. तांब्याभर गरम किंवा गार पाणी घालून थर्मामीटरवर जुळवायचं, आणि बादली खोलीच्या हवेमुळे पटकन निवतही नाही. घरी रंगीत रोल धुवायला घाबरणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन, उन्हाळ्यात सुरू करा. आपली हवा इथे आपल्या बाजूने आहे.

रसायनांचंही तसंच. डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून जगभर चालत आला आहे आणि त्याची कृती गुपित नाही. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांची दुकानं आहेत, तिथे हे सुटं मिळतं. हातमोजे, नीट वजनकाटा आणि खेळती हवा हवीच, हायड्रोक्विनोन अंगाला लागणं बरं नाही. याहून साधं काही हवं असेल तर कॉफी आहे. १९९५ मध्ये रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात फिल्म डेव्हलप करून दाखवली. पुढे त्यात व्हिटॅमिन सीची भर पडली. वास वाईट येतो, पण निगेटिव्ह छापण्याजोगी निघते. चिकोरी मिसळलेली पूड घेऊ नये, निव्वळ कॉफीची घ्यावी.

मुदत उलटलेली फिल्म घेणारेही पुष्कळ. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा, असा ठोकताळा आहे, पण तो थंड देशातल्या कपाटांसाठी. कोकणाच्या हवेत दहा पावसाळे काढलेल्या फिल्मला बुरशी असते, थर चिकटलेला असतो, आणि कुठलाही ठोकताळा तिला वाचवत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तरच घ्यावी.

या सगळ्या उद्योगांवर एक गोड लेप चढवायची पद्धत पडली आहे. फिल्म महाग आहे म्हणून माणूस विचार करून फोटो काढतो, आणि म्हणून त्याचे फोटो चांगले येतात, असं सांगितलं जातं. मला हे मान्य नाही. ज्याचा हात आधीच बसलेला आहे त्याला एका फोटोवर थांबणं परवडतं. शिकणाऱ्याला शेकडो फोटो वाया घालवायला लागतात, उजेड चुकवायला लागतो, एकच झाड सकाळ-दुपार-संध्याकाळ काढून बघायला लागतं. चाळीस रुपयांना एक चूक पडत असेल तर चिखलोलीतली कॉलेजात जाणारी मुलगी चूक करायचंच टाळेल, आणि तिचे फोटो जपून काढलेले, सुबक आणि निर्जीव होतील. टंचाईने फाळक्यांना कल्पक केलं नाही. ते आधीच कल्पक होते, टंचाईने त्यांच्या घरातले दागिने नेले. म्हणून मला डबा वाटून घेणाऱ्या मंडळींचं महत्त्व वाटतं. १९३७ पासून मुंबईत असलेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी डार्करूम आणि अनुभव एकत्र वापरायची रीत घालून दिली. तसंच लहान प्रमाणावर अंबरनाथ-बदलापुरातही होऊ शकतं. फिल्म धुवायची एक टाकी, एक थर्मामीटर, एका वेळी कालवलेलं रसायन सहा जणांत, आणि धुतलेली निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्यानेच उजेडाच्या पेटीवर टिपायची, म्हणजे स्कॅनिंगचे पैसेही सुटले. २०२५ च्या ऑक्टोबरात कोडॅकने कोडाकलर या जुन्या नावाने दोन फिल्म स्वतःच विकायला काढल्या, त्यामुळे पुढे भाव थोडे सावरतील अशी आशा आहे. पण आशेवर रोल भरता येत नाही, तोवर डबा वाटून घ्यावा.

घरी धुणाऱ्याने एक गोष्ट मात्र चुकवू नये. वापरलेल्या हायपोमध्ये फिल्ममधली बरीचशी चांदी उतरलेली असते. रंगीत फिल्मची तर सगळीच ब्लीच-फिक्स या द्रावणात जाते. चिखलोली-मोरिवलीची औद्योगिक वसाहत शेजारी आहे, आणि अंबरनाथच्या मंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरणारी वालधुनी रसायनांनी कशी काळवंडली ते इथला प्रत्येक जण रोज बघतो. पाण्यातल्या जिवांना विरघळलेली चांदी फार थोड्या प्रमाणातही मारक असते. एकेकाळी स्टुडिओवाले वापरलेला हायपो ओतून देत नसत, चांदी काढणारे लोक तो कॅनमधून विकत नेत. घरीही ते जमतं. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये वापरलेला हायपो साठवायचा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी तार सोडायची. स्टीलची चकचकीत घासणी चालत नाही, गंजणारी तारच हवी. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. आठवडाभराने वरचं पाणी वेगळं करायचं, गाळ वाळवून ठेवायचा. सहा जणांच्या गटाने वर्षात शंभर रोल धुतले तर वीस-पंचवीस ग्रॅम चांदी जमते, आणि ग्रॅमला दीडशेच्या त्याच हिशेबाने तिच्यात तीन-चार नवे रोल येतात.